कुटुंब नियोजनाचा ग्रुप चालवताना या चुका टाळा

तालुक्यातलं कुटुंब नियोजनाचं बरंचसं काम आता व्हॉट्सॲपवर चालतं. दिवसभर मेसेज पडत असतात, पण एका प्राथमिक आरोग्य केंद्राला जे जमलं ते शेजारच्या केंद्राला कळतंच असं नाही. ग्रुप फक्त माहिती मागण्यासाठी वापरला की असंच होतं.

रोजची क्रमवारी

संध्याकाळ झाली की नसबंदी आणि तांबीच्या आकड्यांचा तक्ता येतो, मागे पडलेली केंद्रं लाल रंगात. माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक आहे. कुटुंब नियोजनाची सक्तीची उद्दिष्टं देशानं १९९६ मध्येच रद्द केली. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर महिलांचे जीव गेले. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितलं आणि उद्दिष्ट गाठण्यासाठी कुणावर बळजबरी होऊ नये, हेही बजावलं. तरीही लाल तक्ता तेच उद्दिष्ट मागच्या दारानं आत आणतो. त्याचा दाब शेवटी आशाताईवर येतो, आणि जिला फक्त दोन मुलांत अंतर हवं आहे तिलाही ऑपरेशनचा आग्रह होतो.

तक्ता थांबवा आणि त्याऐवजी विचारा: ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचा पहिला डोस घेतलेल्या किती जणी दुसऱ्याला आल्या? ज्या आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत?

नर्सताई गप्प का?

या ‘का’चं उत्तर बहुतेक वेळा उपकेंद्रातल्या नर्सताईकडे असतं. अंतरा सुरू केल्यावर पाळी अनियमित होते, काही जणींची थांबतेही. हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते आणि पुढचं इंजेक्शन टाळते. पाळी थांबली तरी रक्त आत साठत नाही, हे सासूलाही पटेल अशा शब्दांत सांगणारी नर्सताई आपल्याच तालुक्यात असते. पण ज्या ग्रुपवर जिल्ह्याचे साहेब आहेत आणि उशिरा आलेल्या अहवालावर सगळ्यांदेखत बोलणी बसतात, तिथे ती काय लिहिणार? शंका आणि अनुभवांसाठी वेगळा, लहान ग्रुप करा. तिथे अहवाल मागायचा नाही, हा नियम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतः पाळावा. टाइप करायला वेळ नसेल तर व्हॉइस नोट चालेल.

तारीख नसलेले फॉरवर्ड

‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा दर तीन महिन्यांनी. ठरल्या तारखेआधी दोन आठवडे किंवा नंतर चार आठवड्यांपर्यंत देता येतं. एवढी साधी माहितीही फॉरवर्ड होता होता अर्धवट उरते, आणि चार दिवस उशिरा आलेली बाई विनाकारण परत पाठवली जाते. मार्गदर्शक सूचनांची चालू प्रत एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या नावातच तारीख घाला आणि जुनी प्रत तिथून काढा. ही जबाबदारी एकाच व्यक्तीच्या नावावर असू द्या.

नावं आणि फोटो

लाभार्थीचं नाव, फोटो, कार्ड, यातलं काहीही ग्रुपवर नको. गावात स्क्रीनशॉट फिरायला वेळ लागत नाही, आणि काही जणी घरच्यांना न सांगता साधन वापरत असतात. सल्ला हवा असेल तर वय, मुलं किती, कोणतं साधन, काय त्रास, एवढं पुरतं. त्रास गंभीर असेल तर मेसेजच्या उत्तराची वाट न पाहता थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा.

साठा

‘अंतरा संपलं’ असं ग्रुपवर लिहून पुरवठा होत नाही. एफपी-एलएमआयएस या कुटुंब नियोजन साधनांच्या साठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर शिल्लक साठा भरून मागणी नोंदवावी लागते. ग्रुपचा उपयोग शेजारच्या केंद्राकडून तात्पुरता साठा मिळवण्यापुरता करा, आणि तो दिला-घेतला की दोन्हीकडे नोंद घ्या. एक्स्पायरी जवळ आलेला साठा आधी सांगितला, तर तो जिथे खपतो तिथे वेळेत पोचतो.