शिकारीच्या भटकंतीसाठी नवं जीपीएस कसं निवडावं: सुरुवात जुन्या खुणांपासून

जुनं जीपीएस बंद पडलं म्हणून नवं शोधायला बसला असाल, तर थोडं थांबा आणि आधी जुन्यातल्या खुणा बाहेर काढा. यंत्र पुन्हा विकत मिळतं. ओढा कुठून ओलांडता येतो, मचाण कुठल्या झाडावर आहे, जनावरं कोणत्या खिंडीतून उतरतात, हे मात्र कित्येक हंगाम पायपीट करून गोळा केलेलं असतं. जुन्या खुणा ज्यात नीट उतरतील आणि थंडीनं बोटं आखडलेली असतानाही ज्यावर नवी खूण करता येईल, ते यंत्र चांगलं. बाकीच्या सोयी त्यानंतर बघाव्यात.

१. जुनं खरंच गेलंय का ते बघा, आणि खुणा उतरवून घ्या

माझ्या जुन्या यंत्राच्या बटणांवरचं रबर चिरलं होतं. एका पावसात आत पाणी गेलं आणि काचेला आतून वाफ धरली. लगेच चालू करून बघायचा मोह आवरला, सेल काढले आणि झाकण उघडं ठेवून चार दिवस कोरड्या जागी ठेवलं. पडदा काही लागला नाही. पण केबल जोडल्यावर कॉम्प्युटरला ते पेन ड्राइव्हसारखं दिसलं आणि सगळ्या फाइल हाती आल्या. तुमचा पडदा गेला असेल तरी हा प्रयत्न जरूर करा.

खुणा आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, जीपीएक्स फाइलमध्ये ठेवा. हा फाइलचा प्रकार २००२ पासून चालत आलाय आणि जवळपास प्रत्येक कंपनीचं यंत्र तो वाचतं. काही जुन्या यंत्रांत ट्रॅक 'सेव्ह' केला की त्यातले बिंदू कमी होतात आणि वेळेची नोंद पुसली जाते. म्हणून चालू ट्रॅक सेव्ह न करता आहे तसाच उतरवा.

कधी कधी यंत्र बिघडलेलं नसतंच. सेलमधून पाझरून सेल टेकतात त्या पट्ट्यांवर पांढरा थर साचला असेल, तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तारीखच चुकीची दिसत असेल तर कारण वेगळं आहे. जीपीएसचे उपग्रह आठवडे ० ते १०२३ असे मोजतात आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू करतात. अशी पाळी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आली आणि बऱ्याच जुन्या यंत्रांची तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेली. जागा बरोबर दाखवत असलं, तरी अशा यंत्राच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवर विसंबू नका. शिकारीची कायदेशीर वेळ बहुतेक ठिकाणी त्यावरच ठरते. कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट मिळालं तर दुरुस्ती तेवढ्यावर भागते.

२. मागच्या हंगामात तुम्ही त्याचं नेमकं काय केलंत ते लिहून काढा

बहुतेकांची यादी छोटी निघते: गाडीची खूण, बसायच्या जागेची खूण, अंधारात परतायची वाट. आणि एक काम असं की ज्यासाठी मी यंत्राची किंमत कितीही मोजेन: जखमी जनावराचा माग.

गोळी किंवा बाण लागल्यावर जनावर होतं त्या जागी पहिली खूण करा. तिथून रक्ताचा प्रत्येक ठिपका, उलटलेलं पान, खुराचा खोल ठसा, जे सापडेल तिथे एकेक खूण करत जा. दाट झुडपात माग तुटला की जमिनीकडे बघत गोल गोल फिरण्यात वेळ जातो आणि उरलेल्या निशाण्या आपल्याच पायाखाली जातात. अशा वेळी शेवटच्या खुणेपाशी उभं राहून नकाशाचं पान उघडा. आठ-दहा खुणांची रेघ दिसते, तिचा कल उताराकडे आहे की पाण्याकडे हे कळतं आणि पुढे कुठल्या दिशेला शोधायचं ते ठरवता येतं. जखमी जनावर तसंच सोडून येणं कुणालाच नको असतं. यंत्र निवडताना हे काम सतत डोळ्यांसमोर असू द्या.

म्हणूनच दुकानात यंत्र हातात घेतल्यावर पहिली परीक्षा ही घ्या: हातमोजा घालून, एका हातानं, खूण करायला किती वेळा दाबावं लागतं? गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप ६५ सारख्या यंत्राला खुणेसाठी वेगळं बटण आहे. त्यांच्याच ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्सवर छोटी दांडी दाबून धरली की खूण होते. टचस्क्रीनवर नकाशा सरकवायला बरं वाटतं, पण ओल्या काचेवर आणि जाड हातमोज्यात बोट भलतीकडेच लागतं. शिकारीसाठी मी बटणवालंच घेईन.

३. सेल

एए सेलवर चालणारं आणि आत बॅटरी बसवलेलं, असे दोन प्रकार आहेत. कंपनीच्या दाव्याप्रमाणे ईट्रेक्स २२एक्स दोन एए सेलवर २५ तास चालतं, जीपीएसमॅप ६५ १६ तास, तर आत बॅटरी असलेलं जीपीएसमॅप ६७ १८० तासांपर्यंत. आकडा मोठा आहे खरा, पण आतली लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. कडाक्याच्या थंडीत तंबूत पॉवर बँक लावायची असेल तर आधी यंत्र अंगाच्या उबेत ठेवावं लागतं. एए सेलचं तसं नाही, संपले की बदलले. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियम एए सेल उणे ४० अंशांपर्यंत काम करतात आणि वजनालाही हलके असतात. कुठलेही सेल घातले तरी मेनूत त्यांचा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं सांगते.

४. झाडीत आणि घळीत सिग्नल कसा धरतं

आजची बहुतेक यंत्रं जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ अशा इतर उपग्रहांचेही सिग्नल घेतात, त्यामुळे झाडीखाली जुन्यापेक्षा फरक जाणवतो. मल्टी-बँड यंत्र त्याच्या पुढचं. ते १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर ऐकतं, म्हणून कड्यावर आपटून आलेल्या सिग्नलनं ते कमी फसतं. मात्र बॅटरी जास्त खातं. नुसतं गाडीपर्यंत परतायचं असेल तर त्याची गरज नाही. खाजगी जमिनीच्या किंवा राखीव क्षेत्राच्या हद्दीलगत फिरत असाल तर घ्या, आणि तरीही रेघेपासून चांगलं लांब राहा. मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटरची चूक नेहमीचीच, झाडीत ती वाढते, आणि नकाशावरची हद्दसुद्धा अचूक असेलच असं नाही.

अँटेनाही बघा. वर जाडसर खुंट असलेलं यंत्र उभं धरायचं, ईट्रेक्ससारखं चपटं आडवं. खिशात कसंही कोंबलं की दोन्ही वाईट चालतात.

५. होकायंत्र, नकाशा, निरोप

ईट्रेक्स २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, तुम्ही चालत असाल तेव्हाच ते दिशा सांगतं. ३२एक्समध्ये आहे, त्यामुळे जागेवर उभं राहूनही दिशा कळते. माग काढताना तुम्ही सारखे थांबता, तेव्हा हे हवंच. फक्त बंदुकीच्या नळीजवळ धरून दिशा बघू नका, लोखंडानं सुई फिरते. ईट्रेक्स एसई आणि सोलरमध्ये सविस्तर नकाशा बसत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

एकट्यानं जात असाल तर उपग्रहावरून निरोप आणि मदतीची हाक पाठवणारं यंत्र घ्या, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६७आय. त्याला इरिडियम या उपग्रह-जाळ्याची वर्गणी भरावी लागते, आणि काही देशांत असं यंत्र परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा आधी चौकशी करा. त्यासाठी मोठ्या पडद्यावर पाणी सोडावं लागलं तरी सोडा.

कुत्रे घेऊन जाणाऱ्यांनी आधी कुत्र्याची जागा कळवणारा गळपट्टा आणि यंत्र एकमेकांशी जुळतात का, आणि त्याची रेडिओ लहर तुमच्या देशात चालते का, ते बघावं.

६. रानात नेण्याआधी

नवं यंत्र पहिल्यांदा उघड्या मैदानात पंधरा मिनिटं चालू ठेवा. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मग जुनी जीपीएक्स फाइल घाला आणि डेटम, म्हणजे जागेचे आकडे ज्या आधारावर मोजले जातात तो, डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते बघा. अंश-मिनिटं लिहायची पद्धत सोबत्यांच्या यंत्राशी जुळवा. अक्षांश ६१.५० अंश म्हणजे ६१ अंश ३० मिनिटं; कुणी ते ६१ अंश ५० मिनिटं असं वाचलं, तर मदतीला येणारा माणूस ३७ किलोमीटर भलतीकडे जातो. शेवटी जुन्या खुणांपैकी एखाद्या ओळखीच्या जागेवर, एखाद्या पुलावर किंवा फाटकापाशी, स्वतः जाऊन उभे राहा. नव्या यंत्रावर ती खूण तुमच्या पायाखालीच दिसायला हवी. तशी दिसेपर्यंत जुन्या यंत्रातलं काहीही पुसू नका.