व्हिटनींची पत्रं वाचायला बसताय? आधी या चुका टाळा

संस्कृत शिकणाऱ्यांच्या कपाटात विल्यम ड्वाइट व्हिटनींचं व्याकरण हमखास सापडतं. १८७९ साली लाइपझिगला छापलेलं पुस्तक, पण आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. येलचे हे प्राध्यापक हिंदुस्थानात एकदाही आले नाहीत, मात्र अथर्ववेदावर जन्मभर खपले. त्यांची आणि घरच्यांची कागदपत्रं न्यू हेवनला येल विद्यापीठात आहेत. आपल्याकडची मुलं तिथली स्कॅन मिळवतात, चार दिवस भराभर वाचतात आणि मग मला फोन येतो, "मॅडम, काहीतरी जुळत नाहीये." काय जुळत नसणार हे मला ऐकायच्या आधीच कळलेलं असतं.

सगळ्यात जास्त वाट तारीख लावते. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, दिवस मागून. म्हणजे ४/७/५९ ही ७ एप्रिल, ४ जुलै नव्हे. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, तरी एक्सेलच्या रकान्यात हात आपसूक जुलै टाकून मोकळा होतो. त्यातून व्हिटनींचा कामाचा बराच पत्रव्यवहार जर्मनीशी: ट्युबिंगेनचे रोट, बर्लिनचे वेबर. दोघे त्यांचे गुरू, आणि दोघे दिवस आधी लिहिणाऱ्या देशातले. एकाच फोल्डरमध्ये दोन रीती, आणि आमचे उत्साही वीर अख्ख्या रकान्याला एकच नियम लावतात.

एका हुशार मुलाने रोट-व्हिटनी पत्रांचा तक्ता करून आणला होता. रंगबिंग भरून, बाण काढून. त्यात रोटचं उत्तर व्हिटनींच्या प्रश्नाच्या आधीच येऊन बसलेलं. आता कुणालाही वाटेल की इथे तारीख चुकली असेल. याला वाटलं, मधलं एक पत्र गहाळ झालंय! नुसतं वाटून थांबला नाही. त्या गहाळ पत्रात काय असेल यावर त्याने दीड पान लिहिलं होतं. मी त्याला तक्त्यातली दुसरी ओळ दाखवली. तिथे न्यू हेवनहून निघालेल्या पत्राला ट्युबिंगेनहून पाच दिवसांत उत्तर. १८५० च्या दशकात आगबोटीला नुसता अटलांटिक ओलांडायला दहा-बारा दिवस लागत, वर दोन्हीकडचा जमिनीवरचा प्रवास वेगळा. जाऊन येऊन महिना मोडायचा. पाच दिवस कुठून आले? मग तारखा उलटून बघितल्या आणि हरवलेलं पत्र दीड पानासकट हवेत विरलं. मुलगा खट्टू झाला. त्याला त्या पत्राचा लळा लागला होता.

मी तारखेला तीन रकाने ठेवते. कागदावर जशी आहे तशी पहिल्यात, मी लावलेली दुसऱ्यात, आणि वार दिला असेल तर तिसऱ्यात. वार मिळाला की मी निर्धास्त होते, कारण तो त्या सालच्या कॅलेंडरशी ताडून बघता येतो. टपालाच्या शिक्क्यावर मात्र फार विसंबू नका. त्या काळच्या कितीतरी अमेरिकी शिक्क्यांवर दिवस-महिना असतो, साल नसतं. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं पत्र असेल तर लिहिणाऱ्याने गेल्या वर्षाचा आकडा टाकलेला असू शकतो. तुम्हीही चेकवर तेच करता.

जुन्या इंग्रजी पत्रांतलं '१२ अल्ट.' म्हणजे गेल्या महिन्याची १२ तारीख, 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिन्याची. ३ जानेवारीच्या पत्रात 'अल्ट.' आलं की सालही मागे जातं.

दुसरा माझा खास राग नावांवर. वडील जोसाया ड्वाइट व्हिटनी, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचे बँकवाले. थोरल्या मुलाचं नावही जोसाया ड्वाइट व्हिटनी. हा भूगर्भशास्त्रज्ञ, १८६० पासून कॅलिफोर्नियाच्या भूसर्वेक्षणाचा प्रमुख. माउंट व्हिटनी हे शिखर त्याच्याच नावाचं. वडील १८६९ मध्ये वारले. तोवरच्या कागदांत नुसतं 'जे. डी. व्हिटनी' दिसलं तर बाप की लेक हे अक्षर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पुढे आणखी मजा. १८६५ पासून थोरले हार्वर्डला प्राध्यापक, म्हणजे 'प्रोफेसर व्हिटनी' दोन झाले. धाकटा भाऊ हेन्रीही पुढे बेलॉइट कॉलेजात प्राध्यापक झाला. आणखी एक भाऊ जेम्स बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात, बहीण मारिया स्मिथ कॉलेजात शिकवायला. या घरात नुसती पदवी बघून माणूस ओळखायला गेलात तर फसलातच. आणि आई १८३३ मध्ये गेली, विल्यम सहा वर्षांचे असताना. तेव्हा नंतरच्या पत्रांतली 'मदर' ही सावत्र आई. एवढं माहीत नसताना 'आईच्या पत्रांतली माया' वगैरे लिहायला घेऊ नका.

मी पहिलं पत्र उघडायच्या आधी घराची वंशावळ मोठ्या कागदावर काढून भिंतीला चिकटवते, आणि प्रत्येकापुढे कोणत्या साली तो कोणत्या गावी होता ते पेन्सिलने भरत जाते. संगणकावर होतं हे, मला माहीत आहे. पण भिंतीवरचा कागद आपण न उघडता दिसतो.

काही बारीकसारीक, पटापट. जुन्या हातच्या अक्षरात जोड 'एस' मधला पहिला उंच लांबोडका असतो, 'एफ' सारखा दिसतो. 'मिफ' असं कुणाचं नाव नव्हतं, ती 'मिस' आहे. व्हिटनी 'श' साठी खाली शेपटी असलेला 'सी' लिहितात. शेपटी खाल्लीत तर शिवाचा 'चिवा' होईल. रोमन लेखन आजच्या पद्धतीने 'सुधारून' घेऊ नका, जसं आहे तसं उतरवा. पानावर उभ्या ओळींवरून आडव्या ओळी गेल्या असतील तर ती शाई सांडलेली नाही, कागद वाचवायला पान फिरवून पुन्हा लिहिलेलं आहे, स्कॅन फिरवा. शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' दिसलं म्हणून कुणी कुणाचा सेवक होत नाही, आपण 'शि. सा. न. वि. वि.' लिहायचो तेव्हा कोण अंगणात लोटांगण घालत होतं?

पाकीट नाही म्हणून पत्र अर्धवट आहे, असंही ठरवू नका. अमेरिकेत १८४५ पर्यंत टपाल हशील पत्राच्या तावांवर आणि अंतरावर असे. पाकीट म्हणजे आणखी एक ताव, म्हणजे दुप्पट पैसे. म्हणून लोक ताव घडी घालून बाहेरच्या बाजूलाच पत्ता लिहीत. ती बाहेरची बाजू 'कोरी आहे' म्हणून स्कॅन न करणाऱ्यांना माझा नमस्कार.

'अथर्व' हा शब्द दिसला की लगेच १८५६ च्या संहितेकडे धावू नका. रोट आणि व्हिटनींची संहिता बर्लिनला १८५६ मध्ये आली, प्रातिशाख्य (वेदाच्या उच्चार-संधींचे नियम सांगणारा ग्रंथ) १८६२ मध्ये, शब्दसूची १८८१ मध्ये, आणि भाषांतर तर त्यांचे शिष्य लॅनमन यांनी हात फिरवून १९०५ मध्ये छापलं. व्हिटनी १८९४ मध्ये गेले. त्याच वर्षी मुंबईत शंकर पांडुरंग पंडितही गेले, ज्यांची सायणभाष्यासह अथर्वसंहिता १८९५ ते १८९८ मध्ये निघाली. एवढ्या लांबलचक कामात साल नसलेली चिठ्ठी कुठे बसवायची हे मजकुरातल्या एका शब्दावर ठरत नाही.

आता ज्यावरून माझं लोकांशी भांडण होतं ती गोष्ट. 'घरगुती' आणि 'विद्याविषयक' अशा दोन फायली करून घरगुती बाजूला ठेवणं. वेळ वाचतो म्हणे. व्हिटनी संस्कृतकडे वळले कसे? भावाने युरोपातून आणलेल्या पुस्तकांत जर्मन पंडित बॉपचं संस्कृत व्याकरण होतं, आणि विल्यम तेव्हा वडिलांच्या बँकेत काम करत होते. १८४९ च्या उन्हाळ्यात ते भावाबरोबर लेक सुपीरियरच्या सर्वेक्षणाला गेले. वनस्पती, वायुभारमापक आणि जमाखर्च त्यांच्याकडे. शरद ऋतूत येलला प्राध्यापक सॉल्झबरींकडे संस्कृत, पुढच्या वर्षी जर्मनी. हे तुम्ही कोणत्या फायलीत घालणार? पुढे संस्कृतच्या पगारात घर चालेना म्हणून ते जर्मन आणि फ्रेंच शिकवत होते, आणि हार्वर्डने बोलावलं तेव्हा सॉल्झबरींनी पदरचे पैसे घालून त्यांना येलमध्ये ठेवलं. प्राध्यापकाने एखादा ग्रंथ अमुक साली का संपवला नाही, याचं उत्तर पुष्कळदा किराण्याच्या हिशेबाच्या पत्रात असतं. मी तर घरगुतीच आधी वाचते.

माणसाच्या पेटीत सापडतात ती बहुतेक त्याला आलेली पत्रं. त्याने धाडलेली दुसऱ्यांच्या पेट्यांत असतात. कुणाच्या फायलीत व्हिटनींचं पत्र नाही म्हणजे व्हिटनींनी लिहिलंच नाही, असं नव्हे. पातळ कागदावर दाबयंत्राने काढलेल्या नकला मिळाल्या तर नशीब. त्या कागदाच्या सुलट बाजूने वाचायच्या, नाहीतर अक्षर आरशातलं दिसतं. आणि ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलरशी भाषाशास्त्रावरून झालेल्या वादाबद्दल लिहिताना कच्चा मसुदा आणि धाडलेलं पत्र यांत फरक करा. रागाच्या भरात लिहून फाडलेल्या ओळींवर कुणाचा स्वभाव ठरवायचा, तर आपल्यापैकी कोण सुटेल?

आता ते अक्षर वाचणारं सॉफ्टवेअर. वापरा, मीही वापरते. इंग्रजीतल्या नीटस हाताला ते बऱ्यापैकी पुरतं. पण इंग्रजीसाठी शिकवलेला साचा जुन्या जर्मन वळणावर चालवू नका. त्या वळणातला 'ई' आपल्या डोळ्याला 'एन' वाटतो, आणि यंत्र तो 'एन' ठामपणे छापून देतं. रोटचं अक्षर आधी स्वतः वाचायला शिका. महिनाभर जाईल. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांना मी वेबरची पत्रं देते आणि दुपारी चहाला बोलावते.