उपचारांत हयगय झाली, आजाराची माहितीही बाहेर गेली: तक्रार कशी करावी?

उपचार नीट झाले नाहीत ही एक तक्रार, आणि आजाराची माहिती बाहेर गेली ही दुसरी. रागाच्या भरात लिहिलेल्या अर्जात दोन्ही एकत्र कालवल्या जातात. मग वाचणारा अधिकारी पहिलीवरच अडकतो, कारण निदान किंवा शस्त्रक्रिया चुकली का, हे ठरवायला बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं. गुपित फुटलं हे दाखवायला एक मेसेज, एक पोस्ट किंवा ऐकणारा एक साक्षीदार पुरू शकतो. तरीही हा मुद्दा लोक अर्जाच्या तळाशी 'तसेच' म्हणून चिकटवतात. तसं करू नका. दोन्ही मुद्दे वेगळे मांडा. पुरावा भक्कम असेल तर गोपनीयतेचा मुद्दा आधी घ्या.

आधी कागद हातात घ्या

रुग्णालयाला तक्रारीचा सुगावा लागण्याआधी केस पेपर मागितलेले बरे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर त्या ७२ तासांत द्यायच्या. त्याच नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात. म्हणजे चार वर्षांनी जाग आली तर 'रेकॉर्ड नाही' हे उत्तर मिळू शकतं. मागणी लेखी करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. केस पेपर, संमतीपत्र, नर्सिंगच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, बिलं असं सगळं नावानिशी मागा. नुसतं 'फाइल द्या' म्हटलं की दोन पानं हातात पडतात. सरकारी रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

माहिती फुटल्याचा पुरावा वेगळ्या पद्धतीने जपायचा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. पोस्ट असेल तर तिची लिंक लिहून ठेवा. मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका. पुढे न्यायालयात हे दाखल करायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

गोपनीयता नेमकी कुठे मोडते

त्वचेच्या डॉक्टरांनी उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला. सुनेचा जुना गर्भपात सासूला सांगितला. गावातल्या लग्नात जेवणाच्या पंगतीत 'तो आपल्याकडेच असतो गोळ्यांना' म्हटलं. हे तिन्ही प्रकार नियमांत बसत नाहीत. २००२ च्या नियमांतलं ७.१४ रुग्णाचं गुपित उघड करायला मनाई करतं, आणि ७.१७ ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती परवानगीशिवाय छापायला. नवरा किंवा आईवडील आहेत म्हणून सज्ञान रुग्णाचं सगळं त्यांना सांगायचा हक्क आपोआप मिळत नाही. आपल्याकडे डॉक्टर आणि घरचे दोघेही हे सहज विसरतात.

काही आजारांना कायद्याचं जादा संरक्षण आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालच्या खटल्यात खरं नाव लपवून कामकाज चालवण्याची मागणी करता येते. मानसिक उपचारांची गोपनीयता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याच्या कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

उलट बाजूही पाहा. न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक माणसाला असलेला गंभीर धोका, किंवा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार, अशा वेळी माहिती देणं हा नियमभंग नाही. क्षयरोगाची नोंद सरकारकडे गेली म्हणून तक्रार टिकणार नाही. मेडिक्लेमच्या फॉर्मवर आपणच सही करून विमा कंपनीला कागद पाहायची मुभा देतो, तेही आठवून बघा.

अर्ज कुणाकडे

हे ठरतं तुम्हाला काय हवंय त्यावर. डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर ॲलोपॅथीसाठी मुंबईतील महाराष्ट्र वैद्यक परिषद. गोव्यात गोवा वैद्यक परिषद. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या परिषदेकडे गेलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहू शकतो. म्हणून प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक आधी तपासा. कुठेच नोंद सापडली नाही तर प्रकरण बोगस डॉक्टरचं असू शकतं. मग पोलीस आणि जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे जा. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणीतून काही काळापुरतं किंवा कायमचं नाव काढू शकते, पण तुम्हाला एक रुपयाही भरपाई देऊ शकत नाही.

भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि परिषदेच्या निकालाची वाट पाहत बसलात तरी ती थांबत नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि उपचारांसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मात्र जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ते सांगितलं आहे.

गुपित फोडणारा कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरचा माणूस असेल तर वैद्यक परिषद थेट त्याच्यावर कारवाई करत नाही. अशा वेळी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लिहा, आणि प्रत नर्सिंग होमची नोंदणी करणाऱ्या यंत्रणेला द्या. शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग असते, इतरत्र जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक. पोलिसांकडे जाण्याआधी मात्र विचार करा. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा टिकायला चूक फारच ढळढळीत असावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं असं अपेक्षित आहे.

लिहायचं काय

उपचारांचा शेवट वाईट झाला म्हणजे हयगय झाली असं होत नाही. न्यायालय काय पाहतं याचं जुनं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं आणि उपचारांत तो दगावला. वडिलांनी दावा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार द्यावा, आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायची. तुमचा मुद्दा यांतल्या कुठल्या ठिकाणी बसतो ते शोधा.

विशेषणं गाळा. 'डॉक्टरांनी आमच्या आयुष्याचा खेळखंडोबा केला' याने काहीच सिद्ध होत नाही. असं लिहा: 'दि. … रोजी दु. ४ वाजता डॉ. … यांनी माझ्या आजाराचे नाव माझ्या दिरांना फोनवर सांगितले. मी तशी परवानगी दिली नव्हती. फोननंतर दिरांनी मला पाठवलेला मेसेज जोडला आहे. यामुळे नियम ७.१४ चा भंग झाला असून चौकशी व्हावी, ही विनंती.' उपचारांबद्दलही याच चालीत, तारीखवार. जे माहीत नाही ते लिहू नका. शेवटी मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा. परिषदेचा अर्जाचा नमुना आणि प्रतिज्ञापत्राची अट पाठवण्याआधी पाहून घ्या, आणि सुनावणीत आजाराचं नाव उघड होऊ नये अशी विनंती अर्जातच करा.

चिडून गूगलवर आजारासकट सगळी कहाणी टाकलीत, तर उरलंसुरलं गुपित तुम्हीच फोडाल आणि वर बदनामीची नोटीस येऊ शकते. दवाखान्यात तोडफोड केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा लागतो, आणि फिर्यादी डॉक्टरच होतात.

अर्ज गेल्यावर पुष्कळदा तडजोडीचा निरोप येतो: बिल परत देतो, विषय मिटवा. यात गैर काही नाही. फक्त सही करण्याआधी तो कागद घरी आणून वाचा. फोटो काढून टाकणं, ज्यांना माहिती गेली त्यांची नावं कळवणं आणि लेखी माफी, या गोष्टी त्यात नसतील तर आधी त्या घालून घ्या, मग पैशाचं बोला.