दारं धरणाऱ्याची हाक: सीबी-वन रिसेप्टर वर्गात कसा शिकवावा

चेतापेशींच्या आकृतीत सगळे बाण एकाच दिशेनं काढायची सवय आधी सोडा. मीही कैक वर्षं तशीच आकृती काढत होते. इकडची पेशी सांगते, तिकडची ऐकते, झालं. पण गांजाचा परिणाम ज्या रिसेप्टरमुळं (पेशीवरच्या, निरोप टिपणाऱ्या रेणूमुळं) होतो, तो सीबी-वन या आकृतीत बसतच नाही. मुलं 'मेंदू सुस्त होतो' एवढंच पाठ करतात.

मला वाट सापडली आमच्या वडणग्याच्या मळ्यात. मोटर नदीकाठी, ऊस लांब वर, आणि लाईट रात्रीची. अण्णा दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, सरीच्या शेवटाला, भाऊ मोटरीजवळ. सऱ्या तुडुंब झाल्या की अण्णा बॅटरी हलवून ओरडायचे, "बास कर रंऽऽ!" पाणी मोटरीकडून उसाकडं, हाक उसाकडून मोटरीकडं. सीबी-वनचं काम नेमकं हेच आहे. शिरोळ, करवीर, कागलच्या पोरांना हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

मग एका बाकाच्या दोन टोकांना दोन मुलं बसवा. पहिल्याकडं वाटीभर हरभरे द्या. ही संदेश पाठवणारी पेशी. तो एकेक हरभरा दुसऱ्याच्या हातात टाकत राहील. दुसऱ्याची ओंजळ भरली की त्यानं वहीचा कोपरा फाडून 'हळू' लिहायचं आणि चिठ्ठी उलट पाठवायची. चिठ्ठ्या आधी लिहून ठेवू देऊ नका. यातच खरी गोम आहे. नेहमीची चेतारसायनं पिशव्यांत भरून तयार असतात. हा उलटा निरोप मात्र गरज पडली की तिथल्या तिथं बनतो. ऐकणारी पेशी फार उत्तेजित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, आणि तिच्याच पटलातल्या मेदापासून टू-एजी नावाचा रेणू तयार होतो. वहीचा कोपरा म्हणजे ते पटल.

पहिल्या मुलानं चिठ्ठी वाचली की हरभरे हळू टाकायचे. का, ते इथं फळ्यावर काढा. सीबी-वन पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावर बसलेला असतो. चिठ्ठी मिळाली की तो जी-प्रोटीनला, म्हणजे पेशीच्या आतल्या निरोप्याला, जागं करतो, आणि कॅल्शियमची दारं आवळली जातात. कॅल्शियम आत आलं नाही तर पिशव्या फुटत नाहीत, रसायन बाहेर पडत नाही. शेवटी पहिल्या मुलानंच चिठ्ठी फाडून टाकायची, कारण टू-एजीचा बराचसा निचरा त्याच टोकातलं एक एन्झाइम करतं. थोड्याच वेळात हरभरे पुन्हा पूर्वीसारखे सुरू.

इथं थांबू नका, पुढचा घोटाळा मोठा आहे. गेल्या वर्षी हुपरीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सीबी-वन पेशीला गप्प करतो, तर मग काही जणांना गांज्यानं भीती का वाटते, भास का होतात?" उत्तर असं, की गप्प कोण होतं ते बघा. सीबी-वन गाबा नावाचं चेतारसायन सोडणाऱ्या पेशींवरही भरपूर असतात, आणि गाबाचं काम दुसऱ्याला आवरणं. आवरणाराच गप्प झाला तर पुढची पेशी मोकाट सुटते. तिसऱ्या मुलाला पहिल्याचं मनगट धरायला लावा. मग ती पकड सैल करायला सांगा आणि हरभऱ्यांचा वेग बघा.

आता टीएचसी, म्हणजे गांज्यातलं नशा आणणारं मुख्य रसायन. मी 'हळू' लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणते आणि न मागता सगळ्या बाकांवर वाटते. ओंजळ भरलेली असो की रिकामी, सगळीकडं तोच निरोप, आणि तो तासन् तास हटत नाही. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये असं झालं की बोलता बोलता वाक्याचं टोक विसरतं, अनुमस्तिष्क आणि बेसल गँग्लिया या हालचाली सांभाळणाऱ्या भागांत झालं की हालचालींचा ताळमेळ बिघडतो. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात हे रिसेप्टर विरळ, म्हणून अफूच्या वर्गातल्या औषधांसारखा श्वास बंद पडत नाही. एवढं ऐकलं की मागच्या बाकावर कुणीतरी "म्हणजे चालतंय की!" म्हणतंच. तिथं मी आवाज चढवत नाही. त्याला बाकाजवळ बोलावते. या वयात मेंदूच्या जोडण्या अजून बेतल्या जातायत, आणि त्या बेतण्यात ह्याच उलट्या निरोपांचा हात असतो, हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगते. मला त्या मुलाची खरंच काळजी असते.

इतिहास थोडक्यात उरका. टीएचसीची रचना 1964 साली मेशुलम आणि गाओनी यांनी इस्राएलमध्ये उलगडली. रिसेप्टर सापडला 1988 मध्ये. या रिसेप्टरला जागं करणारा शरीराचा स्वतःचा पहिला रेणू 1992 मध्ये, आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद'वरून. हे नाव ऐकून वर्ग खुलतो. लगेच रिमोनाबंटचीही गोष्ट सांगा: सीबी-वन अडवणारं, वजन घटवायचं औषध. युरोपात 2006 मध्ये मान्यता मिळाली, पण काहींना नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ लागले आणि 2008 मध्ये ते थांबवावं लागलं. हाक मारू दिली नाही तर काय होतं, ते मुलांना यातून दिसतं.

तास संपायच्या आधी जुनी आकृती पुन्हा काढून घ्या. जाणारा बाण निळा, परतीचा लाल, आणि लाल बाणाचं टोक पाठवणाऱ्या पेशीवरच टेकलेलं हवं. ते वहीत प्रत्येकाचं तपासा, निम्म्या मुलांचं ते चुकलेलं असतं.