ट्रामचं मॉडेल करायचंय? आधी रस्ता करा

शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनात ट्राम म्हणून जे मांडलेलं असतं, ती बहुतेक वेळा रेल्वेच असते: स्लीपर, खडी, वर आलेले रूळ आणि त्यावर एक रंगीत डबा. ट्राम शहरात रुजली ती रस्त्याच्या पातळीत गाडलेल्या खाचेच्या रुळामुळे. अमेरिकी उद्योजक जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन यांनी 1861 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर रूळ टाकले, पण त्यांची कड रस्त्याच्या वर येत होती. बग्ग्यांची चाकं त्यावर आपटायची, तक्रारी वाढल्या आणि रूळ उखडावे लागले. त्याआधीच, 1852 मध्ये, फ्रेंच अभियंता आल्फाँस लूबा यांनी न्यूयॉर्कमध्ये खाचेचा रूळ वापरला होता. चाकाची कड खाचेत उतरते आणि बाकीची वाहनं वरून बिनदिक्कत जातात. मॉडेलमध्ये हेच दिसलं पाहिजे.

मुंबईची घोड्यांची ट्राम (सुरुवात 9 मे 1874) धरून चालू. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, 4 फूट 8½ इंच, म्हणजे 1435 मिमी. 1:32 प्रमाणात तो 45 मिमी होतो. प्रमाण हेच ठेवा, कारण यापेक्षा लहान केलं तर खाच हाताने नीट करता येत नाही.

रस्ता. 900 × 200 मिमीचा, 12 मिमी जाड प्लायवुड हा पाया. त्यावर 3 मिमी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) तीन पट्ट्या लागतील: मधली 40 मिमी रुंद, बाजूच्या दोन 74.5 मिमी. रुळासाठी 3 × 3 मिमीची चौकोनी ॲल्युमिनियमची कांब, 900 मिमीचे दोन तुकडे. सगळ्याची जाडी 3 मिमी असल्यामुळे रूळ आणि रस्ता आपोआप एका पातळीत येतात.

मधली पट्टी पायाच्या बरोबर मध्यरेषेवर फेव्हिकॉलने चिकटवा. आता तिच्या दोन्ही बाजूंना 2.5 मिमीची खाच सोडायची आहे. ती डोळ्यांच्या अंदाजाने सोडू नका. 2.5 मिमीची दोन ड्रिल बिट पट्टीला टेकवून आडवी ठेवा, त्यांना कांब भिडवा, अराल्डाइटने चिकटवा आणि बिट पुढे सरकवत जा. मग बाहेरच्या पट्ट्या कांबेला घट्ट लावा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर टोकांना आणि मध्ये मोजा. ते सगळीकडे 45 यायला हवं. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर डबा तिथेच अडकणार.

सर्वात जास्त बिघडतं ते खाचेत उतरलेल्या गोंदामुळे. तो ओला असतानाच काढा. त्यासाठी सोलापुरात उत्तम हत्यार फुकटात मिळतं: यंत्रमागाच्या मोडीत निघालेल्या फणीतली एक पोलादी पट्टी. ती पातळ, सरळ आणि ताठ असते, आणि खाचेच्या तळापर्यंत पोचते. खऱ्या ट्रामरस्त्यावरही खाचेतली माती आणि खडे खरवडायला माणसं ठेवावी लागत; खाच भरली की चाकाची कड वर उचलली जाते आणि डबा रुळावरून उतरतो.

फरसबंदी. ब्रिटनच्या 1870 च्या ट्रामवे कायद्यानुसार रुळांमधला आणि दोन्ही बाजूंचा 18 इंच रस्ता ट्राम कंपनीनेच सांभाळायचा होता. ती पद्धत मॉडेलवर दाखवा: रुळांच्या मध्ये आणि बाहेर 14 मिमीपर्यंत दगडी चिरे, त्यापलीकडे साधा खडीचा रस्ता. चिरे 3 × 6 मिमीचे, टोकदार सुईने एमडीएफवर कोरा. पण कोरण्याआधी एमडीएफवर सँडिंग सीलरचे दोन हात द्या. पाण्याचा रंग थेट लावला तर एमडीएफ फुगतं, खाच अरुंद होते आणि सगळी मेहनत वाया जाते. रंग काळ्या दगडाचा; मधल्या भागावर थोडा मातकट हात फिरवा, कारण घोडे तिथूनच चालत.

चाकं. 24 मिमी व्यासाची, 3 मिमी जाड चकती आणि तिच्या आतल्या बाजूला 28 मिमी व्यासाची, 1 मिमी जाड चकती. ही मोठी चकती म्हणजे चाकाची कड. कड 2 मिमी खाली उतरते, खाच 3 मिमी खोल आहे, म्हणून ती तळाला टेकत नाही. आसासाठी सायकलचा स्पोक चालतो. दोन कडांच्या आतल्या बाजूंमध्ये बरोबर 42 मिमी ठेवा. दोन आसांमध्ये 52 मिमी पुरे. आस एकमेकांपासून लांब असले की डबा वळणावर अडतो, म्हणून खऱ्या छोट्या ट्रामचेही आस जवळजवळ असत. पहिल्या मॉडेलला मात्र वळण देऊच नका.

डबा 152 मिमी लांब, 62 मिमी रुंद करा. घोडा खांद्यापाशी 48 मिमी उंच असावा. बाजारातले खेळण्यातले घोडे यापेक्षा मोठे निघतात, तेव्हा पट्टी सोबत घेऊनच जा.

काळाची गल्लत टाळा. घोडा असेल तर वर तार नको. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला आली, दुमजली 1920 मध्ये. 31 मार्च 1964 ला ट्राम बंद झाली. विजेचं मॉडेल केलंत तर तार रस्त्यापासून सुमारे 190 मिमी उंच घ्या. छतावरचा ट्रॉलीचा दांडा (तारेतून वीज घेणारा) डब्याच्या मागच्या बाजूला झुकलेला हवा. तो पुढे झुकलेला दाखवणं ही नेहमीची चूक आहे. उलट दिशेने जाताना दांडा फिरवून घ्यावा लागे.

सोलापूर जिल्ह्याशी नातं सांगायचं असेल तर नाशिकची ट्राम करा. 1889 च्या या घोड्यांच्या ट्रामचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे 1897 मध्ये आपल्या जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तीही त्यांचीच. दोन्हींचा गेज 2 फूट 6 इंच, म्हणजे मॉडेलवर 24 मिमी. मधली पट्टी 19 मिमी घ्या, कडांच्या आत 21 मिमी ठेवा आणि बाहेरच्या पट्ट्या 85 मिमी रुंद कापा.

प्रदर्शन उन्हाळ्यात पत्र्याच्या मांडवात असेल, तर हॉट ग्लू कुठेही वापरू नका. सोलापूरच्या उन्हात तो मऊ पडतो आणि चाकं तिरकी होतात.