गाडीत अँप बसवताय? आधी फ्यूज बघा, मग वॉट: या चुका टाळा

इंदूरच्या कुठल्याही कार अॅक्सेसरीजच्या दुकानात अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, मागितला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भिया, तीन हजार वॉट का है, पूरी गाडी हिला देगा." खोक्यावरही तोच आकडा ठळक छापलेला असतो. रंगपंचमीच्या गेरीतला, म्हणजे मिरवणुकीतला, डीजे ज्याच्या कानात अजून घुमतोय, त्याचा हात लगेच पाकिटाकडे जातो.

त्याआधी अँपच्या वायरी जोडायच्या बाजूला बघा. बहुतेक अँपना तिथे रंगीत पात्यांचे फ्यूज खोचलेले असतात. हिरवा म्हणजे 30 अँपिअर, पिवळा म्हणजे 20. समजा, त्या तीन हजारवाल्याला एकच हिरवा फ्यूज आहे. 30 गुणिले चालू गाडीचे 13.8 व्होल्ट, म्हणजे 414 वॉट. यापेक्षा जास्त तो फार वेळ ओढूच शकत नाही, फ्यूज उडेल. यातलंही सगळं स्पीकरपर्यंत पोचत नाही. क्लास एबी आणि क्लास डी हे अँपच्या सर्किटचे प्रकार; क्लास एबीचा अँप साधारण निम्मं उष्णतेत घालवतो, क्लास डीचा पाचवा हिस्सा. उरले 200 ते 330 वॉट. बाकीचे वॉट फक्त खोक्यावर.

बघायचा तो आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो तेवढे वॉट. खोक्यावर सीटीए-2006 किंवा जुन्या मालावर सीईए-2006 हे मोजणीचं मानक लिहिलेलं असेल तर फारच बरं, कारण मग तो आकडा 14.4 व्होल्टवर, 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) आणि एक टक्क्याच्या आतल्या विकृतीला मोजलेला असतो. स्पीकरचा आरएमएस आणि अँपच्या एका चॅनलचा आरएमएस जवळपास सारखा असला की झालं. 50 ऐवजी 100 वॉटचा अँप घेतलात तर आवाज 3 डेसिबलने वाढतो. दुप्पट मुळीच वाटत नाही. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

ओहमचा घोळ

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. सबवूफर, म्हणजे खालचा बास वाजवणारा स्पीकर (थोडक्यात सब), घेताना त्याच्या आत तारेच्या किती कॉइल आहेत, हे कोणी विचारतच नाही. 4 ओहमच्या दोन कॉइलचा सब पॅरलल जोडला तर 2 ओहम होतो, सिरीजमध्ये 8. दोन 2 ओहमच्या कॉइल असतील तर 1 किंवा 4. आता 2 ओहमच्या खाली न चालणाऱ्या मोनो (एका चॅनलच्या) अँपवर हा दुसरा सब पॅरललमध्ये लावला, की तो गावात हळू आवाजात नीट वाजतो. मे महिन्यात दुपारी बायपासला लागून आवाज चढवला की वीस मिनिटांत लाल 'प्रोटेक्ट' दिवा. दुकानदार म्हणतो, अँपच खराब निघाला. अँप बिचारा स्वतःला वाचवत असतो. म्हणून सब आधी ठरवा, त्याची जोडणी कागदावर काढा, आणि त्या ओहमला हवे तेवढे वॉट देणारा अँप मग शोधा.

चार चॅनलचा अँप घेऊन दोन चॅनलवर पुढचे स्पीकर आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर सब, ही छोट्या गाडीसाठी माझी आवडती मांडणी. मागच्या स्पीकरांना वेगळे वॉट देण्यात फारसा अर्थ नसतो, तिथे बसतं कोण? पण ब्रिज केल्यावर बहुतेक अँपची मर्यादा 4 ओहम असते. तिथे 2 ओहमचा सब लावला, तर प्रत्येक चॅनलला तो 1 ओहमसारखा भासतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

"कमी वॉटच्या अँपने स्पीकर जळतो" असं सर्रास म्हणतात. खरं तर अँप कमी पडतो म्हणून त्यावरचं गेनचं बटण पूर्ण फिरवलं जातं, सिग्नल वरून-खालून कापला जातो आणि त्याने कॉइल तापते. गेनचं काम एवढंच, की स्टिरिओकडून येणारा व्होल्टेज आणि अँप यांचा मेळ बसवायचा. साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी काढा, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर. सबसाठी 50 हर्ट्झचा टोन लावून, गेन हळूहळू वाढवत अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 300 वॉट आणि 4 ओहमला साधारण 34.6 व्होल्ट, 100 वॉटला 20. तिथे थांबायचं.

दारातल्या स्पीकरना हाय-पास (फक्त वरचे स्वर सोडणारा फिल्टर) आणि सबला लो-पास (फक्त खालचे स्वर सोडणारा), दोन्ही 80 हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. दारातला साडेसहा इंची स्पीकर खालचा बास वाजवायला जातो, म्हणूनच तो फाटतो.

वायरीत काटकसर

अँपवर हजारो रुपये आणि वायरींचं किट सगळ्यात स्वस्त, हे आपल्याकडे हमखास. एक तार ब्लेडने खरवडून बघा. तांबड्या थराखाली रुपेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनिअम. ते चालतं, पण एक माप जाड घ्यावं लागतं. बॅटरीपासून साधारण अर्ध्या फुटात मुख्य फ्यूज हवाच. तो अँपसाठी नाही. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि पत्र्यावरचा रंग खरवडून घट्ट बोल्ट करा. एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी चढत जाते ना, तिथे पहिला संशय याच बोल्टवर. तो नीट असेल, तर गाडी बंद करून आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या) वायरी अँपमधून काढा आणि परत सुरू करा. शिट्टी गेली तर दोष स्टिरिओकडे, किंवा आरसीए आणि पॉवरची वायर एकाच बाजूने ओढल्यात. त्या गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

आणि सकाळी गाडी सुरूच होत नसेल, तर रात्री किल्ली काढल्यावर अँपचा दिवा विझतो का ते बघा. विझत नसेल तर कोणीतरी रिमोटची (अँप चालू-बंद करणारी) वायर सरळ बॅटरीच्या लाईनला जोडलीय. ती स्टिरिओमागच्या निळ्या-पांढऱ्या वायरला हवी. कंपनीच्या स्टिरिओला ती नसेल, तर किल्लीसोबत बंद होणाऱ्या लाईनवर घ्या.