कार्बन प्लेटचे शूज घेताय? घाटात पळणाऱ्यांनी या चुका टाळा

सप्टेंबर जवळ आला की साताऱ्यात हिल मॅरेथॉनची तयारी जोरात सुरू होते. सकाळी पोवई नाका ते बोगदा या पट्ट्यात बघा, जाड सोलचे भडक रंगाचे शूज घालून पळणारे भरपूर दिसतात. यातले बरेच शूज कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलच्या फोममध्ये कार्बन फायबरची पातळ कडक पट्टी बसवलेले. लोक पळायला लागलेत याचा आनंदच आहे. पण वीस हजार रुपये घालून घेतलेले शूज महिन्याभरात पोटरी धरली म्हणून कपाटात जाऊन बसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, शूज निवडायचे ते आपला पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) बघून आणि आपण ज्या रस्त्यावर पळतो तो रस्ता बघून. आणि आपला रस्ता म्हणजे यवतेश्वरचा घाट.

फक्त "कार्बन" हा शब्द बघून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. बऱ्याच जणांना वाटतं की आत स्प्रिंगसारखी प्लेट असते आणि तीच आपल्याला पुढं ढकलते. तसं नसतं. २०१७ मध्ये नायकीचा व्हेपरफ्लाय हा कार्बन प्लेटचा शूज आला, त्याच सुमारास अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १८ चांगल्या धावपटूंवर त्याची चाचणी झाली आणि तेव्हाच्या दुसऱ्या रेसिंग शूजपेक्षा यात सरासरी ४ टक्के ऊर्जा कमी लागते असं दिसलं. त्याच चाचणीत शूज मशीनवर दाबूनही बघितले होते. दाबायला लागलेल्या ऊर्जेतली ८७ टक्के व्हेपरफ्लायनं परत दिली आणि नायकीच्याच जुन्या रेसिंग शूजनं साधारण ६६ टक्के, म्हणजे मोठा फरक फोमचा होता. पुढं संशोधकांनी व्हेपरफ्लायची प्लेट आडवी कापून तेच शूज परत पळवून बघितले तर ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. प्लेटचं काम आहेच, इतक्या मऊ आणि जाड फोमला ती आकार देते, चवड्याजवळचा भाग कडक ठेवते, पण खरी कमाल त्या पीबा नावाच्या हलक्या फोमची.

म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन बघताना आधी फोम कुठला आहे ते वाचा. साध्या ईव्हीए फोममध्ये कार्बनची प्लेट घालून "कार्बन शूज" म्हणून विकतात, ते नुसतेच कडक लागतात, दुसरं काही नाही. आणि बाजारात जे फर्स्ट कॉपी मिळतात, अडीच-तीन हजारात नायकीचा अल्फाफ्लाय वगैरे, त्यांच्या वाटेलाच जाऊ नका. बाहेरून हुबेहूब दिसतात, आतला फोम कसला आणि प्लेट कसली याचा पत्ता नसतो, आणि उतारावर असल्या शूजवर भरवसा ठेवून पळायचं म्हणजे घोटा पणाला लावायचा.

दुसऱ्याच्या टायमिंगवरून ठरवणं

केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे यानं २०१९ मध्ये व्हिएन्नात असलेच कार्बन शूज घालून १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात मॅरेथॉन अंतर पूर्ण केलं तेव्हापासून हे वेड आपल्याकडं जास्तच पसरलं. पण वर सांगितलेली ४ टक्क्यांची चाचणी ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाला झाली होती. ताशी १४ म्हणजे किलोमीटरला सव्वाचार मिनिटं. आपल्यातले बहुतेक जण साडेपाच ते सात मिनिटांनी पळतात. नंतर कमी वेगाला पण चाचणी झाली, त्यात ताशी १२ ला फायदा साधारण दीड टक्क्यापर्यंत आला आणि ताशी १० ला, म्हणजे सहाच्या पेसला, एक टक्क्याच्याही खाली, आणि त्यातही काही जणांना फायदा सोडा, उलट तोटाच झाला. माझं स्पष्ट मत सांगतो, ज्यांचा १० किलोमीटरचा टाइम अजून ५० मिनिटांच्या आत आलेला नाही त्यांनी पहिला पैसा चांगल्या रोजच्या शूजवर घालावा, कार्बन नंतर बघावा. हौस म्हणून घेतला तर कुणी अडवत नाही, पण टायमिंग शूजमुळं कमी होईल ही अपेक्षा ठेवू नका.

घाट विसरून सपाट रस्त्याचे शूज घेणं

यावर जरा जास्त लिहितो कारण बाहेरच्या रिव्ह्यूमध्ये हे कुठं सापडत नाही. ते सगळे रिव्ह्यू सपाट, कोरड्या, सरळ रस्त्यावरचे असतात. आपल्या हिल हाफ मॅरेथॉनला समर्थ मंदिर, बोगदा करत घाट चढायचा, वर जाऊन वळायचं आणि आलो तसंच उतरायचं, आणि महिना सप्टेंबर, म्हणजे धुकं, भुरभुर पाऊस, रस्ता ओला.

चढाला काय होतं ते आधी बघू. व्हेपरफ्लायचीच तीन अंशाच्या चढ-उतारावर चाचणी झालेली आहे, सपाटीला ३.८ टक्क्यांच्या आसपास बचत होती ती चढाला आणि उताराला पावणेतीनच्या आसपास आली. म्हणजे घाटात फायदा राहतो पण घटतो, आणि आपला पेस चढाला तसाही पडलेला असतो त्यामुळं आणखी कमी पदरात पडतो. चढावर आपण चवड्यावर येतो, टाच खाली पूर्ण टेकत नाही, आणि पुढं वाकत नाही असा कडक सोल असला की पोटरी आणि अकिलीसवर (टाचेमागच्या जाड शिरेवर) ताण येतो. यवतेश्वर मंदिराच्या अलीकडंच पोटऱ्या दगड झाल्या म्हणून थांबलेले लोक दरवर्षी दिसतात.

खरी गंमत उतरताना. आत्ता तुमच्या हातात असा शूज असेल तर टेबलावर ठेवा आणि टाचेजवळ वरून अंगठ्यानं एका बाजूला दाबून बघा. ज्या मॉडेलची टाच अरुंद आणि फोम मऊ असतो तो शूज लगेच त्या बाजूला कलतो. आता हेच घाटातल्या वळणावर, दमलेल्या पायानं, रस्त्याला आतल्या बाजूला उतार असताना होतं असं समजा. घोटा आत किंवा बाहेर मुडपतो तो इथं. त्यामुळं घाटासाठी घेताना टाचेखालचा पाया रुंद बघा, सोल उलटा करून पुढच्या भागावर आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर किती आहे ते बघा, काहींना मधे नुसता उघडा फोमच असतो आणि ओल्या रस्त्यावर, त्यातही रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तो सटकतो. आदिदासचे आडिओस प्रो, पूमाचे डेव्हिएट नायट्रो एलिट यांची ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असते असा बऱ्याच पळणाऱ्यांचा अनुभव आहे. तरी मॉडेलचं दर व्हर्जन बदलतं, मागच्या वर्षीचं चांगलं म्हणून यंदाचं डोळे झाकून घेऊ नका.

रोज घालून फिरणं

कार्बन शूज घालून निवांत वेगाचा इझी रन करायचा नाही, मुलांना शाळेत सोडायला जायचं नाही, जिममध्ये तर अजिबात नाही. एक तर हा फोम लवकर बसतो आणि पैसे वाया जातात. त्याहून मोठं कारण म्हणजे प्लेटमुळं पायाच्या बोटांचं वाकणं कमी होतं आणि भार दुसरीकडं सरकतो. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या एका गटानं कार्बन शूज वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या केसेस मांडल्या होत्या, पायाच्या मधल्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला इजा झालेल्या. त्यावरून शूजच दोषी असं सिद्ध होत नाही, पण सवय हळूहळू करा असं तेही सांगतात. घोट्याच्या पुढं, पायाच्या वरच्या बाजूला मधोमध बोट ठेवल्यावर दुखत असेल तर "चालता चालता जाईल" म्हणून रेटू नका, पळणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

मग वापरायचे कधी? आठवड्यातून एखादा टेम्पो रन (जोरात पण टिकेल अशा वेगानं सलग पळणं), किंवा लाँग रनचे शेवटचे काही किलोमीटर रेस पेसनं, एवढंच. सुरुवात चार-पाच किलोमीटरनं करा, दुसऱ्या दिवशी पोटरी कशी आहे ते बघा, मग वाढवा. बाकीच्या स्पीड वर्कआउटला नायलॉन प्लेटचे सॉकनी एंडॉर्फिन स्पीडसारखे शूज किंवा प्लेट नसलेले हलके शूज पुष्कळ झाले, आणि पाय मजबूत राहतो ते वेगळंच.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मात्र हे मनावर घ्या. "दादा, सोळाशे मीटरला कार्बन घेऊ का" असं बरेच जण विचारतात. मातीच्या ग्राउंडवर, लहान राउंडला सारखं वळताना या उंच मऊ सोलचा काही उपयोग नाही, माती धरतही नाही. घरच्यांचे पैसे वाचवा, पातळ सोलचे चांगल्या ग्रिपचे शूज घ्या आणि उरलेल्या पैशात खुराक वाढवा. ट्रॅकवर स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी अजून एक, जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानं रोडला सोलची जाडी ४० मिमीपर्यंत चालते पण १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या सगळ्या पळण्याच्या प्रकारांना २० मिमीच, त्यामुळं रोडचे कार्बन शूज घेऊन स्टेडियमवर गेलात तर बाद होऊ शकता.

साइज चुकणं

सकाळी माप घेऊ नका, संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. रेसला घालणार तेच मोजे घाला. पुढं अंगठ्याच्या नखापासून बोटाएवढी जागा हवी, उतारावर पाय पुढं सरकतो आणि जागा नसेल तर वर वळून खाली येईपर्यंत नखं काळी होतात. पण लांबी वाढवून टाच ढिली करून घेऊ नका, शेवटच्या भोकातून लेसची कडी करून टाच आवळून बघा, तरी टाच उचलली जात असेल तर तो शूज तुमचा नाही. ऑनलाइन मागवलात तर घरातच फरशीवर घालून बघा, सोलला धूळ लागली की बऱ्याचदा परत घेत नाहीत.

काहीतरी बिनसलंय, कसं ओळखायचं

पोटरी प्रत्येक वेळी धरत असेल तर शूजचा ड्रॉप बघा, म्हणजे टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, रोजचे १० मिमीचे आणि हे ५ चे असतील तर कारण तेच. तळव्याच्या आतल्या कमानीला घासून फोड येत असेल तर आकारच तुमच्या पायाचा नाही, मोजे बदलून एकदा बघा, नाही गेलं तर विकून टाका, साताऱ्याच्या ग्रुपवर कमी वापरलेल्या शूजला गिऱ्हाईक मिळतं. चवड्याखाली जळजळ होत असेल तर लेस जास्त आवळली गेलीय का बघा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. गुडघा आतून दुखायला लागला तर मागून कुणाकडून तरी पळतानाचा व्हिडिओ काढून घ्या, टाच आत पडताना दिसली तर त्या शूजमध्ये घाट उतरू नका.

फोम बसला का हे किलोमीटरवर ठरत नाही, वजन आणि पळण्याच्या पद्धतीवर आहे. सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या खोल झाल्या, एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलेली दिसली, किंवा आधीचा तो उसळता फील गेला की रेससाठी ते शूज संपले.

रेसच्या दिवशी नवीन शूज पहिल्यांदा घालायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक करतात. निदान एकदा घाट चढून-उतरून घ्या, शक्यतो ओल्या रस्त्यावर. आणि भिजलेले शूज गाडीच्या डिकीत किंवा उन्हात टाकू नका, उष्णतेनं फोम आणि चिकटवलेला सोल दोन्ही खराब होतात. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा, पावसाळ्यात सुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत वाळतात.